कोबा कोणाच्या सोयीचा?

बंगल्याच्या मागं किंवा शेतघराच्या कडेला कुत्र्यासाठी जाळी मारून घ्यायचं ठरलं, की खाली जमीन कशी करायची हा प्रश्न सहसा कुत्र्यापर्यंत पोहोचतच नाही. तो गवंड्यापाशीच निकालात निघतो. ‘सरळ कोबा करून टाका, पाइप मारला की साफ’ हे इतक्या जणांनी इतक्या वेळा सांगितलेलं असतं, की त्यावर उलटा प्रश्न विचारायचं कोणाच्या मनातही येत नाही. कुत्री विकणारे तेच सांगतात, शेजारी तेच सांगतात, आणि ती जागा रोज धुण्याचं काम घरात ज्याच्या गळ्यात पडणार त्यालाही ते पटतं. या सल्ल्यात काहीच दम नाही, असं म्हणता येणार नाही. कोबा उकरता येत नाही, त्याचा चिखल होत नाही, माखलेले पाय घेऊन कुत्रं ओसरीवर चढत नाही आणि जंतुनाशक टाकायला सपाट जागा मिळते. तरीही एक-दोन मोठी, लसी पूर्ण झालेली कुत्री पाळणाऱ्या घरानं सगळ्या आवाराला कोबा करणं चूक आहे, असं माझं म्हणणं आहे. कुत्र्याचे लाड हा मुद्दा क्षणभर बाजूला ठेवू. ज्या स्वच्छतेच्या नावानं कोबा केला जातो, त्या स्वच्छतेच्याच परीक्षेत तो नापास होतो.

हिशेब मुतापासूनच मांडायला हवा. निरोगी कुत्रं दर किलो वजनामागं दिवसाला साधारण 20 ते 40 मिलिलिटर मूत्र करतं. म्हणजे तीस किलोचा लॅब्रडोर रोज अर्ध्या लिटरहून जास्त, कधी लिटरभरही. महिन्याचे वीस-पंचवीस लिटर झाले, आणि तेही बहुतेक ठरलेल्या दोन-तीन कोपऱ्यांत. हे पाणी जातं कुठं? कोबा दिसायला घट्ट असला तरी साध्या सिमेंट-वाळूच्या कोब्याला बारीक छिद्रं असतात. त्यावर पेलाभर पाणी सांडून पाहा. काही ओघळून जातं आणि उरलेल्याचा काळपट डाग पसरत आत मुरतो. मूत्रही तसंच मुरतं. त्यातल्या युरियाचा जिवाणू अमोनिया करतात आणि तोच तो नाकात झोंबणारा वास. पाइपानं वरचं धुतलं जातं, आत मुरलेलं तसंच राहतं आणि दुपारी जमीन तापली की वर येतं. मग फिनेल येतं, फिनेलनं भागलं नाही की ब्लिचिंग पावडर. मुतलेल्या जागेवर थेट ब्लिचिंग पावडर भुरभुरली तर तिचा क्लोरीन आणि मुतातला अमोनिया मिळून क्लोरामाइनची वाफ निघते. माणसाच्या डोळ्यांना आणि घशाला ती झोंबतेच, कुत्र्याचं नाक तर जमिनीपासून वीतभर अंतरावर असतं. फिनेल पंजाला लागतं आणि पंजा चाटला जातो. म्हणजे धुवायला सोपी म्हणून केलेली जमीन चार दिवसांत औषधं मागणारी होते.

शिवाय ‘पाइप मारला की’ या शब्दांत पाइपाला पाणी असणार हे गृहीत धरलेलं आहे. मार्च उजाडला की अर्ध्या महाराष्ट्रात टँकरच्या फेऱ्या मोजाव्या लागतात. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं होतं. ज्या जमिनीची स्वच्छता रोजच्या दोन-तीन बादल्यांवर अवलंबून आहे, ती एप्रिल-मे महिन्यांत स्वच्छ राहणार नाही, हे सांगायला ज्योतिषी नको.

यावर कोब्याचे कैवारी म्हणतील, की तुम्ही वाईट कोब्याची गोष्ट सांगताय. चांगला कोबा करा, दहा फुटांना दोन इंच ढाळ द्या, वरून सिमेंट नीट घोटून घ्या, कडेला नाली काढा, मग काही मुरत नाही. बरोबर आहे. असा कोबा होऊ शकतो आणि जिथं तो खरोखर हवा तिथं असाच करावा. पण घरामागच्या आवारात कामं कशी होतात तेही पाहा. घराच्या कामातून उरलेली खडी आणि दोन गोण्या सिमेंट एका दुपारी पसरलं जातं, ढाळ नजरेनं दिला जातो आणि नाली ‘नंतर काढू’ म्हणून राहते ती राहतेच. त्यात जमीन काळी असेल तर बघायलाच नको. काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा सोडते. नुसत्या तिच्यावर ओतलेला तीन इंची कोबा दोन-तीन पावसाळ्यांत तडकतो. तडा गेला की तो कोबा धुण्याच्या कामाचा राहत नाही, कारण धुतलेलं पाणी मळ घेऊन तड्यातच उतरतं.

आणि तडा म्हणजे गोचिडीचं घर. गोचीड गवतातून येते, म्हणून गवत-माती नको, कोबा बरा, असं सर्रास बोललं जातं. गोचिडीच्या काही जातींबद्दल ते खरंही आहे. पण आपल्याकडच्या पाळीव कुत्र्यांवर सर्वांत जास्त दिसते ती तपकिरी गोचीड घरांच्या आणि केनेलच्या आसऱ्यानंच वाढलेली आहे. आयुष्यात तीनदा ती रक्त पिऊन कुत्र्यावरून खाली पडते आणि दर वेळी लपायला फट शोधते. भिंतीचा पोपडा, फरशीचा सांधा, कोब्याचा तडा, जाळीच्या खांबाचं बूड, काहीही चालतं. बऱ्याचशा भिंतीवर वर चढतात. टम्म फुगलेली मादी अशाच फटीत हजारो अंडी घालते, आणि पूर्ण वाढलेली गोचीड अन्नाशिवाय महिनोन्‌महिने तग धरते. टिक फीव्हर म्हणून ज्याला आपण ओळखतो ते एर्लिकिया आणि बॅबेसियाचे आजार हीच गोचीड पसरवते. तेव्हा कोबा केला म्हणून गोचीड टळली, हा नुसता भ्रम आहे. टाळायची तर कुत्र्यावर वेळच्या वेळी औषध आणि भिंतीच्या फटी बुजवणं, हे दोन्ही जमीन कोणतीही असो, करावंच लागतं.

आता ऊन. चंद्रपूर, अकोला, जळगावकडं मे महिन्यात हवेचं तापमान 45 अंशांच्या आसपास जातं. उघड्या उन्हातला कोबा त्याहून कितीतरी वर, पन्नास-साठच्या घरात जातो आणि सूर्य मावळल्यावरही ती उष्णता तास-दोन तास सोडत राहतो. कुत्र्याला घाम येतो तो जवळजवळ फक्त पंजाच्या गाद्यांना. बाकी शरीर थंड करायचा त्याचा मार्ग म्हणजे धापा टाकणं, आणि पोट थंड जमिनीला लावून पडणं. कोबा हा दुसरा मार्गच बंद करतो. उन्हाळ्यात कुत्रं झाडाखाली माती उकरून खड्डा करतं आणि त्यात पोट टेकून बसतं, ते खोडसाळपणानं नव्हे. वरची तापलेली माती काढली की खालची गार लागते, एवढं त्याला कळतं. तपासणी सोपी आहे. दुपारी दोन वाजता हाताची पालथी बाजू त्या जमिनीवर टेका आणि सात आकडे मोजा. हात मागं घ्यावासा वाटला, तर त्या जमिनीवर कुत्र्याला उभं ठेवू नये. कडकपणाचा जाच वेगळाच. जड जातीचं कुत्रं सतत कठीण जमिनीवर पडत राहिलं की कोपरांवर घट्टे पडतात, कधी पाण्याची मऊ गाठ येते. कारवानसारखं अंगावर चरबी नसलेलं, हाडंच हाडं असलेलं कुत्रं तर कोब्यावर नीट झोपूच शकत नाही. म्हातारपणी सांधे धरले की त्याच ओल्या, घोटलेल्या कोब्यावरून पाय घसरतात.

कोब्याच्या बाजूचा सर्वांत वजनदार मुद्दा रोगांचा आहे आणि तो झटकून टाकता येत नाही. पार्वो विषाणू मातीत महिनोन्‌महिने, सावलीत आणि ओलीत वर्षभरही टिकतो. माती निर्जंतुक करता येत नाही. गुळगुळीत, आधी स्वच्छ धुतलेल्या जमिनीवर मात्र पातळ केलेलं ब्लीच दहा मिनिटं ठेवलं की तो मरतो. नेहमीच्या फिनेलवर त्याबाबतीत भरवसा ठेवता येत नाही, हेही जाता जाता सांगायला हवं. म्हणून जिथं लस पूर्ण न झालेली पिल्लं येतात-जातात, म्हणजे दवाखाना, निवारा केंद्र, पैदास करणाऱ्याची जागा, तिथं उत्तम ढाळाचा, गुळगुळीत, बिनतड्याचा कोबाच हवा. तिथं माझा वाद नाही. पण घरातल्या कुत्र्याला पार्वोपासून वाचवते ती लस. पिल्लाच्या सहाव्या ते आठव्या आठवड्यापासून सुरू करून दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांचं होईपर्यंत दिलेली. दवाखान्याची गरज घराला लावणं म्हणजे शस्त्रक्रियेच्या खोलीतल्या फरशा स्वयंपाकघरात बसवण्यासारखं आहे.

जंतांचं गणित तर बहुतेकांना उलटंच माहीत असतं. अंकुशकृमीची अंडी विष्ठेतून पडतात, उबदार ओल्या मातीत फुटतात आणि त्यातल्या अळ्या साधारण आठवड्याभरात पंजाच्या कातडीतून शिरण्याइतक्या तयार होतात. माणसाच्या अनवाणी पायातही त्या शिरतात आणि कातडीखाली नागमोडी, खाजरी रेघ उठते. गोलकृमीच्या अंड्यांना दोन ते चार आठवडे लागतात, पण ती वर्षानुवर्षं टिकतात आणि ब्लीचनंही मरत नाहीत. या दोन्हींचा अर्थ एकच निघतो: पडलेली विष्ठा त्याच दिवशी उचलली, तर जंताला वाढायला वेळच मिळत नाही. महत्त्वाचं काय, तर उचलणं. कोब्यावर मात्र विष्ठा उचलली जात नाही, ढकलली जाते. पाइपाचा जोर लावला की ती पातळ होऊन पसरते, कडेच्या मातीत किंवा नालीच्या तोंडाशी जाऊन बसते, आणि नेमकी तीच जागा कायम ओली व सावलीची असते. मालकाला जमीन स्वच्छ दिसते. जंतांची अंडी दोन फूट पलीकडं, त्यांना हवी तशा जागी पोहोचलेली असतात. त्याच नालीवर रात्री उंदीर येतात आणि उंदरांच्या मुतातून लेप्टो येतो. जुलै 2005च्या महापुरानंतर मुंबईत लेप्टोची साथ आली होती ती साचलेल्या, दूषित पाण्यातूनच. म्हणून जमिनीची पहिली कसोटी एकच: पाऊस थांबल्यावर तासाभरानं तिथं पाणी उभं दिसता कामा नये.

या कसोटीला उतरणारी जमीन कोणती? माझं उत्तर एका साहित्याचं नाही. आवाराचा चौथा-पाचवा हिस्सा, जिथं कुत्र्याचं घर आणि पाण्याचं भांडं आहे तिथं, पत्र्याखाली शहाबादी फरशी किंवा चांगला कोबा. त्यावर झोपायला जमिनीपासून चार बोटं उचललेली लाकडी फळी किंवा पट्ट्यांची खाट. उरलेल्या जागेत ठोकलेला मुरूम आणि त्यावर गोल गोट्यांचा थर. दहा बाय पंधरा फुटांची जागा धरा. आठ इंच माती काढून तिथं मुरूम भरायचा म्हणजे बरोबर एक ब्रास. पाणी मारून, धुम्मस करून, बाहेरच्या बाजूला ढाळ देऊन. त्यावर चार इंच गोटे म्हणजे अर्धा ब्रास. जमीन काळी असेल तर माती आणखी थोडी खोल काढावी आणि मुरमाखाली जिओटेक्स्टाइल म्हणून मिळतं ते पाणी सोडणारं, माती अडवणारं कापड घालावं, नाही तर दोन पावसाळ्यांत काळा चिखल गोट्यांतून वर येतो. कापडाऐवजी प्लॅस्टिकची ताडपत्री घालणारे महाभाग असतात. त्यांनी मुतासाठी हौद बांधला असं समजावं. गोटे हरभऱ्यापासून छोट्या बोराएवढे आणि गोलच हवेत. ‘खडीच आहे की’ म्हणून क्रशरची खडी आणून टाकतात. काळ्या पाषाणाची ती धार पंजाला सोलते. कचही नको, ती भिजली की घट्ट बसते आणि पुन्हा कोबाच होतो. गोटे रीतसर विकत घ्यावेत. नदीतून ट्रॅक्टरभर उचलून आणणं हा गौण खनिजाच्या कायद्यातला गुन्हा आहे.

हा बेत सगळीकडं जशाच्या तसा चालणार नाही. नगरच्या पट्ट्यात वर्षाला पाच-सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो, रत्नागिरीकडं तीन हजारांच्या वर. कोकणात निम्म्या जागेवर छप्पर नसेल तर कोणतीही जमीन हरते. आणि जांभ्याचे चिरे अंथरायचा मोह तिथं आवरावा, कारण जुलैत त्यांवर शेवाळ धरतं आणि कुत्र्याबरोबर धनीही आडवा होतो. उलट कोरड्या भागात ऑक्टोबरपासून मेपर्यंत गोटे धुवायला पाऊस येत नाही. तिथं आठवड्यातून एकदा चार बादल्या पाणी मुतण्याच्या कोपऱ्यांवर ओतावं लागतं, पंधरा दिवसांनी दंताळं फिरवावं लागतं आणि वर्षा-दोन वर्षांनी त्या कोपऱ्यांतला थर काढून नवा टाकावा लागतो. गोट्यांची जमीन बिनकष्टाची आहे असा दावा कोणी करत असेल, तर तो दुसरा गवंडी समजावा. माझा दावा एवढाच, की हे कष्ट आठवड्याचे आहेत, कोब्याचे रोजचे. आणि इथं चुकलं तर वास येऊन सांगतो, तिथं चुकलं तर बरेच दिवस कळतच नाही.

आक्षेप आणखी आहेत. कुत्रं उकरून कुंपणाखालून पळेल, हा सर्वांत जास्त ऐकू येणारा. त्यासाठी सगळं आवार बांधायची गरज नाही. जाळीच्या कडेनं फूटभर रुंद कोब्याची पट्टी किंवा दीड फूट खोल पुरलेली वेल्डमेश पुरते. उकरण्याची हौस फिटायला सावलीत एक मातीचा कोपरा मोकळा सोडावा. कुत्रं गोटे गिळेल, हा आक्षेप जास्त गंभीर आहे. काही कुत्री, विशेषतः पिल्लं, खरंच दगड गिळतात आणि आतडं अडकून पोट फाडायची वेळ येते. अशा कुत्र्यासाठी गोटे नकोत, तिथं ठोकलेल्या मुरमावरच थांबावं; त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. कोकणातले वाचक विंचवाचं विचारतील, आणि ते योग्यच आहे. लाल विंचवाच्या दंशावर डॉ. हिंमतराव बावस्करांनी केलेलं काम महाडच्या परिसरातलंच. पण विंचू बसतो तो मोठ्या, न हलवलेल्या दगडाखाली, विटांच्या ढिगात, लाकडांच्या रचाईत. दंताळं फिरणाऱ्या बोटाच्या पेराएवढ्या गोट्यांत त्याला असा आडोसा मिळत नाही. आवारालगतचा विटांचा ढीग मात्र आधी हलवावा.

कृत्रिम गवताबद्दल फार लिहायला नको. ते दिसायला हिरवं असतं, एवढाच त्याचा गवताशी संबंध. उन्हात ते कोब्याहूनही जास्त तापू शकतं, खालच्या थरात मूत्र धरून ठेवतं, आणि कुत्र्यानं एक कडा चावून उचलली की प्लॅस्टिकच्या काड्या पोटात जातात. खरी हरळी चांगली, पण जागा भरपूर आणि ऊन मिळत असेल तरच. लहान आवारात मुतातल्या नत्रानं पिवळे चट्टे पडतात आणि ते भरून यायला हरळीला विश्रांती लागते. गवत ठेवायचंच तर तुरे येऊ देऊ नयेत. कुसळं बोटांच्या बेचक्यात आणि कानात शिरतात आणि आत-आत सरकत जातात. सुताराकडचा भुसा आणि भाताचं तूस कोरड्या महिन्यांत अंथरूण म्हणून ठीक आहे, पावसाळ्यात त्याला बुरशी धरते. प्लायवुडचा भुसा तर त्यातल्या चिकट रसायनामुळं कधीच नको.

शेवटी उरतो तो आजोबांच्या काळातला युक्तिवाद: गावाकडची कुत्री जन्मभर मातीतच लोळली, त्यांना कोणी जमीन करून दिली होती? दिली नव्हती, कारण ती बांधलेलीच नव्हती. थंडीत ती चुलीच्या राखेवर झोपत, उन्हाळ्यात रांजणाखालच्या ओलीत, पावसात पडवीत, आणि मुतायला बांधापलीकडं जात. जमीन ती स्वतः निवडत होती, दिवसातून दहा वेळा. आपण जाळी मारतो तेव्हा ही निवड काढून घेतो, म्हणून आत निदान दोन-तीन तऱ्हेच्या जागा ठेवणं हे आपल्यावर येतं. गार, कोरडी आणि मुतण्याची, अशा वेगवेगळ्या. सगळीकडं एकच कोबा म्हणजे जेवणाची, झोपण्याची आणि मोरीची जागा एकच. जमीन कितीही चांगली केली तरी कुत्र्याला रोज बाहेर न्यावं लागतंच. कायम कोंडलेल्या किंवा बांधलेल्या कुत्र्याला पुरेसं फिरवलं नाही, तर 1960च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 खाली मालक दोषी धरला जातो.

आधी कोबा केलेला असेल तर तो फोडायची घाई नको. तडे बुजवा, ढाळ दुरुस्त करा, त्याच्या पलीकडं जाळी वाढवून मुरूम-गोट्यांची जागा जोडा आणि कुत्र्याला दोन्हीकडं मोकळं सोडून ते कुठं पडतं ते पाहा. नव्यानं करणार असाल तर मुरूम मे महिन्यात भरून ठोकून घ्या. पहिला जोराचा पाऊस नुसत्या मुरमावर पडू द्या, पाणी कुठं साचतं तिथं खूण करा, तेवढे खळगे भरा. गोट्यांची गाडी त्यानंतर बोलवा.